आडवी बेरीज, उभी बेरीज

गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील द्विमार्गी सारणीवरचा प्रश्न हा बहुधा फुकटचे गुण देणारा प्रश्न समजला जातो. आठदहा चौकटींचा एक तक्ता, त्यातील काही चौकटी भरलेल्या, काही कोऱ्या. बेरीज-वजाबाकी करून कोऱ्या जागा भरायच्या, एवढेच काय ते काम. केंब्रिजच्या आयजीसीएसई अभ्यासक्रमात हा घटक याच नावाने आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत तो आठवीला शिकवला जातो. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत त्याला स्वतंत्र प्रकरणाचा मान नसला, तरी नववीच्या सांख्यिकीतील जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख आणि शतमान स्तंभालेख ही याच सारणीची चित्ररूपे होत. पालकांना मात्र नवल वाटते, की एवढ्या वरच्या इयत्तेत तिसरीच्या बेरजा कशासाठी? त्याचे उत्तर प्रश्नाच्या दुसऱ्या भागात असते. तक्ता अचूक भरणारी चांगली हुशार मुले 'यांपैकी किती टक्के' या उपप्रश्नाशी अडखळतात. सारणी भरणे सोपे आहे; वाचणे तितकेसे सोपे नाही.

एकाच समूहाची एकाच वेळी दोन निकषांवर विभागणी करून ती आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांत मांडली, की द्विमार्गी सारणी तयार होते. समजा, एका वर्गात ५० विद्यार्थी आहेत. त्यांत ३० मुलगे. शाळेत पायी येणारे एकूण २५, बाकीचे बसने येतात. पायी येणाऱ्यांत मुलगे १८. आता 'मुलगे' आणि 'मुली' या दोन ओळी आणि 'पायी', 'बस' आणि 'एकूण' हे तीन स्तंभ आखले, की उरलेले सारे आपोआप उलगडते. पायी येणाऱ्या मुली २५ वजा १८, म्हणजे ७. बसने येणारे मुलगे ३० वजा १८, म्हणजे १२. एकूण मुली २०, त्यांतील ७ पायी येतात, म्हणून १३ बसने. बसच्या स्तंभाची बेरीज १२ अधिक १३, म्हणजे २५. आणि ५० मधून पायी येणारे २५ वजा केले तरी २५ च उरतात. ताळा जुळला.

या मांडणीची एक अट मुलांच्या नजरेतून सुटते. प्रत्येक विद्यार्थी कोणत्या तरी एका आणि एकाच चौकटीत बसला पाहिजे. 'क्रिकेट' आणि 'बुद्धिबळ' असे दोन स्तंभ आखले आणि वर्गात दोन्ही खेळणारी मुले असली, तर ती दोनदा मोजली जातील आणि बेरीज फुगेल. अशा वेळी क्रिकेट हा एक निकष धरून 'खेळतो' व 'खेळत नाही' अशा दोन ओळी कराव्या लागतात, आणि बुद्धिबळ हा दुसरा निकष धरून तसेच दोन स्तंभ. नववीच्या संचांच्या प्रकरणातील चहा-कॉफीची उदाहरणे या मार्गाने वेन आकृतीवाचूनही सुटतात. ७० जणांपैकी ४० जणांना चहा आवडतो, ३५ जणांना कॉफी आवडते आणि १५ जणांना दोन्ही आवडत नाही. तर दोन्ही आवडणारे किती? चहा न आवडणारे ३०, त्यांतील १५ जणांना कॉफीही नको, म्हणजे केवळ कॉफीवाले १५. कॉफी आवडणारे एकूण ३५, म्हणून दोन्ही आवडणारे २०. वेन आकृतीतील चार भाग आणि सारणीतील चार चौकटी यांत काहीही फरक नाही. ज्या मुलांना संचाचे सूत्र आठवत नाही, त्यांनी सरळ चार चौकटी आखाव्यात.

आता थोडी मोठी आणि खरी सारणी घेऊ. १५ एप्रिल १९१२ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात टायटॅनिक बुडाली. त्यानंतर ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडच्या वतीने झालेल्या चौकशीत जहाजावरील २,२०१ जणांचा वर्गवार हिशेब मांडण्यात आला. निरनिराळ्या याद्यांत हे आकडे थोडेफार वेगळे आढळतात. येथे त्या चौकशीतीलच आकडे घेतले आहेत. त्यांतील काही मुद्दाम पुसून टाकले, तर सारणी अशी दिसेल:

वर्ग | वाचलेले | मृत | एकूण
पहिला वर्ग | २०३ | ? | ३२५
दुसरा वर्ग | ? | १६७ | ?
तिसरा वर्ग | १७८ | ? | ७०६
कर्मचारी | ? | ६७३ | ८८५
एकूण | ? | ? | २,२०१

कोठून सुरुवात करावी? ज्या ओळीत अथवा स्तंभात एकच जागा कोरी असेल, तेथून. पहिल्या वर्गातील मृत ३२५ वजा २०३, म्हणजे १२२. तिसऱ्या वर्गातील मृत ७०६ वजा १७८, म्हणजे ५२८. वाचलेले कर्मचारी ८८५ वजा ६७३, म्हणजे २१२. दुसऱ्या वर्गाच्या ओळीत मात्र दोन जागा कोऱ्या असल्याने ती आडवी सुटत नाही; तिच्यासाठी शेवटच्या स्तंभाकडे वळावे लागते. ३२५, ७०६ आणि ८८५ यांची बेरीज १,९१६. ती २,२०१ मधून वजा केली, की दुसऱ्या वर्गातील प्रवासी २८५. त्यांतील १६७ मृत, म्हणून वाचलेले ११८. आता उभ्या बेरजा करायच्या: वाचलेले एकूण ७११, मृत एकूण १,४९०. या दोहोंची बेरीज २,२०१ येते. एक चौकट भरली, की दुसरी एखादी ओळ 'एकच जागा कोरी' या स्थितीत येते; शब्दकोडे सोडवताना आडव्या शब्दाने उभ्या शब्दाचे अक्षर मिळावे, तसेच हे आहे.

येथे एक प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्याने विचारायला हवा आणि बहुतेक वेळा तो कोणी विचारत नाही. सारणी पुरी होण्यासाठी किमान किती आकडे द्यावे लागतात? वरच्या सारणीत एकंदर १५ जागा आहेत. आम्ही आठ दिल्या आणि सात काढल्या. आठ हा आकडा योगायोगाने आलेला नाही. चार ओळी आणि दोन स्तंभ यांच्या आतल्या चौकटी आठ. त्या कळल्या, की साऱ्या बेरजा कळल्या. त्याहून कमी माहितीवर संपूर्ण सारणी कधीच भरता येणार नाही. उलट, कडेच्या सगळ्या बेरजा आधीच दिलेल्या असतील, तर आतल्या चौकटींपैकी फक्त तीन सुट्या राहतात. ओळींच्या संख्येतून एक वजा, स्तंभांच्या संख्येतून एक वजा आणि त्या दोहोंचा गुणाकार, असा हा हिशेब आहे. महाविद्यालयात संख्याशास्त्र घेणाऱ्यांना पुढे याच संख्येची 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' या भारदस्त नावाने ओळख करून दिली जाते आणि बहुतेक जण ती पाठ करून टाकतात. शब्दकोड्यासारख्या या तक्त्यातूनच ती आली आहे, हे शाळेत सांगितले असते तर पाठांतर वाचले असते.

अर्थात आठ आकडे दिले म्हणजे काम झाले असेही नव्हे. ते योग्य जागी हवेत. चार कोऱ्या चौकटी एका आयताच्या चार कोपऱ्यांवर आल्या, तर प्रत्येक ओळीत दोन आणि प्रत्येक स्तंभात दोन जागा कोऱ्या राहतात आणि वाट बंद होते. वर्गाच्या उदाहरणात 'पायी येणारे मुलगे १८' ही माहिती काढून टाकली आणि कडेच्या साऱ्या बेरजा, म्हणजे ३० व २० आणि २५ व २५, तशाच ठेवल्या, तर काय होईल? पायी येणाऱ्या मुलग्यांची संख्या शून्य असू शकत नाही. कारण पायी येणारे २५ आणि मुली २० च, म्हणून किमान पाच मुलगे पायी आलेच पाहिजेत. ती २५ हून अधिकही असू शकत नाही. पण ५ पासून २५ पर्यंतच्या एकवीस उत्तरांपैकी कोणतेही उत्तर खरे असू शकते. कडेच्या बेरजांवरून आतली गोष्ट कळत नाही, फक्त तिच्या मर्यादा कळतात. एखाद्या मतदारसंघात अमुक एका व्यवसायाचे मतदार किती आणि अमुक पक्षाला मते किती एवढ्यावरून 'त्या व्यवसायाने त्या पक्षाला मत दिले' असे ठामपणे सांगणारे निवडणूक विश्लेषक हाच आयत डोळ्यांआड करीत असतात.

सारणी भरून झाली. आता ती वाचायची. येथे मराठी भाषेने आपल्या हाती एक छान शब्द ठेवला आहे: 'पैकी'. हा शब्द ज्याला चिकटतो, तो छेद. 'पहिल्या वर्गातील प्रवाशांपैकी किती टक्के वाचले?' या प्रश्नात छेद ३२५ आणि उत्तर ६२.५ टक्के. 'वाचलेल्यांपैकी किती टक्के पहिल्या वर्गातील होते?' या प्रश्नात छेद ७११ आणि उत्तर २८.६ टक्के. दोन्ही प्रश्नांत अंश तोच, २०३. पहिले उत्तर आडव्या ओळीची टक्केवारी, दुसरे उभ्या स्तंभाची. आणि 'जहाजावरील सर्वांपैकी पहिल्या वर्गातील वाचलेले किती टक्के?' असे विचारले, तर छेद २,२०१ होतो आणि उत्तर ९.२ टक्क्यांवर येते. एका चौकटीतून तीन खरी उत्तरे निघतात आणि तिघांचा अर्थ वेगळा.

हा भेद केवळ गुणांपुरता नाही, हे कर्मचाऱ्यांच्या ओळीवरून दिसेल. वाचलेल्या ७११ जणांत सर्वांत मोठा गट कर्मचाऱ्यांचाच होता: २१२, म्हणजे २९.८ टक्के. हा स्तंभ एकटाच वाचणारा माणूस सहज म्हणेल, की खलाशांनी आधी स्वतःचा जीव वाचवला. आता ओळ वाचा. ८८५ कर्मचाऱ्यांपैकी वाचले २४ टक्के. चारही गटांत हेच प्रमाण सर्वांत कमी आहे. तिसऱ्या वर्गाचे २५.२, दुसऱ्याचे ४१.४ आणि पहिल्याचे, वर आलेच आहे, ६२.५. कर्मचारी वाचलेल्यांत जास्त दिसतात, कारण मुळात जहाजावरच ते जास्त होते. एका दिशेने वाचले तर त्यांच्यावर आरोप येतो, दुसऱ्या दिशेने वाचले तर तो उतरतो, आकडे तेच.

आमच्या व्यवसायात 'पैकी' हा शब्द मथळ्यात मावत नाही म्हणून गाळला जातो, हे येथे कबूल केले पाहिजे. दहावीच्या निकालात 'मुलींची बाजी' हा मथळा वाचकांना तोंडपाठ आहे. परीक्षा मंडळ मुलींच्या उत्तीर्णतेचे जे प्रमाण देते, ते परीक्षेस बसलेल्या मुलींपैकी उत्तीर्ण झालेल्या मुलींचे, म्हणजे आडव्या ओळीचे असते. 'उत्तीर्णांत मुलींचे प्रमाण' ही निराळीच संख्या. परीक्षेस मुलगे जास्त बसले असतील, तर मुलींचा निकाल अधिक चांगला लागूनही उत्तीर्णांत त्या निम्म्याहून कमी भरू शकतात. शब्दांची जराशी अदलाबदल झाली, की बातमी चुकते आणि चुकलेली बातमी बरोबर दिसते.

संभाव्यतेच्या उदाहरणांतही हेच सूत्र चालते. 'एक प्रवासी यदृच्छया निवडला' असे म्हटले, की छेद सर्वांची बेरीज. 'वाचलेल्यांतून एक निवडला' असे म्हटले, की छेद त्या स्तंभाची बेरीज. परीक्षेत टक्केवारी काढण्याआधी अपूर्णांक लिहून दाखवावा. छेद कोठून घेतला हे तपासनिसाला आणि लिहिणाऱ्यालाही दिसते.

द्विमार्गी सारणीचे एक जुने आणि आपल्या भूमीशी निगडित उदाहरण पाहण्याजोगे आहे. ओडेसा येथे जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. कोलकात्यातील १८९४ ते १८९६ या काळातील टोचणीचे आकडे पुढे १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी तपासले. ते अवघ्या चार चौकटींचे आहेत. टोचून घेतलेल्या २७९ जणांपैकी पटकी झाली ३ जणांना, २७६ सुटले. न टोचलेल्या ५३९ जणांपैकी पटकी झाली ६६ जणांना, ४७३ सुटले. कडेच्या बेरजा: एकूण ८१८, त्यांत पटकी झालेले ६९ आणि न झालेले ७४९.

लस आणि रोग यांचा परस्परांशी काही संबंध नाही असे क्षणभर गृहीत धरू. मग रोगाचे जे प्रमाण एकंदर समूहात, म्हणजे ८१८ पैकी ६९, तेच टोचलेल्यांतही दिसावे. २७९ ला ६९ ने गुणून ८१८ ने भागले, की सुमारे साडेतेवीस येतात. जेथे तेवीस-चोवीस रोगी अपेक्षित होते, तेथे प्रत्यक्षात तीन आढळले. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण बेरीज, या एका सूत्रावर पुढचे बरेच संख्याशास्त्र उभे आहे आणि ते आठवीच्या मुलालाही समजण्यासारखे आहे. अर्थात ग्रीनवुड आणि यूल एवढ्यावर थांबले नाहीत. टोचलेले आणि न टोचलेले लोक इतर सर्व बाबतींत सारखे होते काय, दोघांनाही रोगाचा धोका सारखाच होता काय, हे प्रश्न त्यांनी आग्रहाने विचारले. सारणी त्यांची उत्तरे देत नाही. मुंबईकरांना हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेमुळे परिचित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर ते येथे आले, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस स्वतःवर टोचून पाहिली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

सारणी जे सांगत नाही, ते काय असते? टायटॅनिकच्या ८८५ कर्मचाऱ्यांत स्त्रिया अवघ्या २३ होत्या. नौकांत स्त्रिया-मुलांना आधी बसवले गेले, हे ठाऊक असले तर कर्मचाऱ्यांच्या २४ टक्क्यांचा अर्थ पुन्हा बदलतो. तो दोन निकषांच्या तक्त्यात लपलेला तिसरा निकष आहे. कधीकधी हा लपलेला निकष उत्तर केवळ सौम्य करून थांबत नाही, ते साफ उलटे करतो.

१९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मूतखड्यावरील उपचारांची तुलना प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेने पोट उघडून खडा काढलेल्या ३५० रुग्णांपैकी २७३ जणांत उपचार यशस्वी ठरला, म्हणजे ७८ टक्के. त्वचेला लहानसे छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढलेल्या ३५० रुग्णांपैकी २८९ जणांत, म्हणजे ८३ टक्के. नवी पद्धत सरस, असे कोणीही म्हणेल. पण खड्याच्या आकारानुसार या सारणीच्या दोन सारण्या केल्या, तर? दोन सेंटिमीटरहून लहान खड्यांत शस्त्रक्रियेचे यश ८७ पैकी ८१, म्हणजे ९३ टक्के. छिद्राच्या पद्धतीचे २७० पैकी २३४, म्हणजे ८७ टक्के. मोठ्या खड्यांत शस्त्रक्रियेचे २६३ पैकी १९२, म्हणजे ७३ टक्के. छिद्राच्या पद्धतीचे ८० पैकी ५५, म्हणजे ६९ टक्के. लहान खड्यांत शस्त्रक्रिया पुढे, मोठ्यांतही पुढे, आणि दोन्ही एकत्र केल्यावर मात्र मागे.

वाचकांनी कागदपेन्सिल घेऊन या तीनही सारण्या आखून पाहाव्यात. पहिल्या वाचनात यावर विश्वास बसत नाही. कारण रुग्णांच्या वाटणीत आहे. कठीण, मोठे खडे बहुतांशी शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले, ३५० पैकी २६३. सोपे, लहान खडे बहुतांशी नव्या पद्धतीच्या वाट्याला, ३५० पैकी २७०. अवघड पेपर देणाऱ्या वर्गाची सरासरी सोपा पेपर देणाऱ्या वर्गाशी ताडून पाहावी, तसा हा प्रकार झाला. दोन्ही सारण्या चौकटीवर चौकट ठेवून मिळवल्या, की ८१ आणि १९२ मिळून २७३ होतात, २३४ आणि ५५ मिळून २८९; आडवी बेरीज जुळते, उभीही जुळते.